उडालो नाही, असे सांगणारा वैमानिक

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान पहिल्या खेपेला बारा सेकंद हवेत राहिले आणि १२० फूट गेले. न्यूझीलंडमध्ये मात्र असे मानणारे बरेच आहेत, की त्याआधी साडेआठ महिने, ३१ मार्चला, वायटोहीचा शेतकरी रिचर्ड पिअर्स उडाला होता. या वादात मी शिरलो तो पिअर्सचा वकील म्हणून. शेतावरच खटपट करत स्वतःच शिकलेला हा माणूस मला जवळचा वाटला.

त्याचे काम थक्क करणारे आहे. बांबूचा सांगाडा, त्यावर कापड, खाली तीन चाके आणि घरी बनवलेले दोन सिलिंडरचे इंजिन. १९०६ मध्ये त्याने विमानाच्या पेटंटसाठी अर्जही केला.

साक्षीदारही आहेत. यंत्र जमिनीवरून उठले आणि काटेरी कुंपणावर जाऊन पडले, असे शेजाऱ्यांनी सांगितले. पण १९०३ हे साल त्यांच्या ज्या आठवणींवरून ठरले, त्या गोळा झाल्या कित्येक दशकांनंतर. पिअर्स तर १९५३ मध्येच वारला होता.

त्याचे स्वतःचे म्हणणे मात्र हयातीतच छापले गेले होते. १९१५ आणि १९२८ मध्ये त्याने वृत्तपत्रांना पत्रे लिहिली. त्यांत तो प्रयोगांची सुरुवात १९०४ च्या सुमारास झाल्याचे सांगतो. ताशी वीस मैलांच्या वेगाला यंत्र जमीन सोडू लागे. पण तेवढ्या वेगात सुकाणू काम देत नसे आणि ते आडवे फिरे. म्हणून या यंत्रातून आपण उडालो नाही, असा त्याचा स्पष्ट निर्वाळा आहे. जमीन सुटणे आणि उडणे यांतला फरक त्याला पुरता ठाऊक होता. विमान ताब्यात राहिले तरच ते उड्डाण, ही कसोटी त्याने स्वतःलाच लावली.

ही पत्रे वाचली आणि मी वकिली सोडली.

१८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मीही अभिमानाने सांगत आलो होतो. आता कोणी ती सांगितली, की मी विचारतो : त्या वर्षीचा छापील कागद कुठे आहे? प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा उतरतो. माझाही उतरतो. पण पिअर्सने जे स्वतःहून नाकारले, ते त्याच्या नावावर चढवायला माझे मन धजत नाही. आणि मग तळपद्यांना वेगळा न्याय कसा लावू?