अडकलेले वाहन ओढण्याचे दोर

चिखल, वाळू, ओढा किंवा खडकाळ वाटेत अडकलेले वाहन दुसऱ्या वाहनाच्या साहाय्याने बाहेर काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोर व पट्ट्यांना वाहन ओढण्याचे दोर म्हणतात. बिघडलेली गाडी सपाट रस्त्यावरून हळूहळू ओढत नेणे आणि रुतलेली गाडी बाहेर काढणे ही दोन वेगळी कामे असून त्यांसाठी लागणारे दोरही वेगळे असतात. अयोग्य दोर तुटल्यास किंवा त्याची जोडणी निखळल्यास जीवघेणा अपघात होऊ शकतो.

पार्श्वभूमी

पुणे शहराच्या पश्चिमेस मावळ, मुळशी आणि वेल्हे भागांत पावसाळ्यात भातखाचरांलगतच्या कच्च्या वाटा निसरड्या होतात. पूर्वेकडील काळी माती भिजल्यावर फुगते आणि चाकांना घट्ट चिकटते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाड्या घेऊन अशा वाटांवर जाणाऱ्या हौशी चालकांना दोराची गरज वरचेवर पडते. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होऊ लागलेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेत अडकलेली गाडी बाहेर काढणे हा कौशल्याचाच एक भाग असतो.

ग्रामीण महाराष्ट्रात रुतलेली बैलगाडी काढण्यासाठी वाख, ताग किंवा काथ्याचे नाडे व चऱ्हाटे वापरात होती. मोटारीचे वजन आणि वेग यांमुळे निर्माण होणारा ताण या दोरांच्या आवाक्याबाहेरचा असतो.

प्रकार

लवचीक दोर : हा नायलॉनचा गुंफलेला दोर असून तो सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो. ओढणारी गाडी पुढे सरकताना दोरात ऊर्जा साठते आणि आखडताना तीच ऊर्जा अडकलेल्या गाडीला बाहेर खेचते. नायलॉनचा विणलेला लवचीक पट्टाही याच तत्त्वावर चालतो. मात्र त्याचा ताण सामान्यतः २० टक्क्यांच्या आसपास असतो.

न ताणणारा पट्टा : पॉलिएस्टरचा हा पट्टा फारच थोडा लांबतो. तो संथ ओढीसाठी, विंचच्या दोराची लांबी वाढवण्यासाठी किंवा झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळण्यासाठी योग्य असतो. रुंद पट्ट्यामुळे झाडाची साल कापली जात नाही. या पट्ट्याने गाडीला हिसका देणे धोक्याचे असते.

पोलादी तारेचा दोर : हा मुख्यतः विंचवर असतो. तो घासला गेल्याने सहजी कापला जात नाही. परंतु जड असतो, गंजतो आणि त्याच्या तुटलेल्या तारा हातात घुसतात.

उच्च बळाचा कृत्रिम दोर : ‘डायनीमा’सारख्या धाग्यांचा हा दोर हलका असून पाण्यावर तरंगतो. तो फारसा ताणला जात नाही. उष्णता व धारदार खडक यांपासून त्याला जपावे लागते.

हार्डवेअरच्या दुकानात जाडीवर किंवा वजनावर विकली जाणारी, भारक्षमता न छापलेली साधी प्लॅस्टिकची दोरी या कामासाठी अयोग्य होय.

हिसक्याचे गणित

ताशी १० किमी वेगाने जाणाऱ्या २,००० किलोग्रॅम वजनाच्या गाडीत सुमारे ७,७०० जूल गतिज ऊर्जा असते. अडकलेली गाडी जागची हललीच नाही, तर ही ऊर्जा दोराला सोसावी लागते. दोर २ मीटर ताणला गेल्यास त्यावरील सरासरी बल सुमारे ४०० किलोग्रॅम वजनाइतके राहते. तो केवळ २० सेंटिमीटर ताणला गेल्यास तेच बल सुमारे ४ टनांवर पोहोचते. प्रत्यक्षातील कमाल बल याहून अधिक असते. वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते.

निवडीचे निकष

दोरावर किमान तुटभार छापलेला असावा. सर्वसाधारणपणे तो दोन वाहनांपैकी हलक्या वाहनाच्या सामानासहित एकूण वजनाच्या दोन ते तीन पट असावा, असा संकेत आहे. म्हणजे २,५०० किलोग्रॅमच्या गाडीसाठी ५ ते ७.५ टन. लवचीक दोर गरजेपेक्षा फार जाड घेतल्यास तो पुरेसा ताणला जात नाही आणि त्याचा मूळ उपयोगच राहत नाही. नायलॉन भिजल्यावर त्याचे बळ काहीसे घटते, ही बाब पावसाळी वापरासाठी महत्त्वाची आहे. गाठ मारल्याने दोराचे बळ निम्म्यापर्यंत उतरू शकते; म्हणून दोन्ही टोकांना शिवलेले किंवा गुंफलेले फासे असलेला दोर निवडतात.

जोडणी

दोर सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या, ओढण्यासाठीच दिलेल्या कडीला किंवा हुकाला जोडतात. बंपर, ॲक्सल, स्टिअरिंगचे भाग किंवा वाहतुकीत गाडी बांधून ठेवण्यासाठी असलेली कडी यांना दोर लावू नये. ट्रेलर जोडण्याचा गोळाही यासाठी वापरू नये, कारण तो तुटून गोळीसारखा उडू शकतो. लोखंडी शॅकलवर कार्यभार कोरलेला असावा. दोन दोर शॅकलने एकमेकांना जोडल्यास एक दोर तुटताच ती शॅकल वेगाने फेकली जाते.

वापरातील दक्षता

ओढण्यापूर्वी चाकांपुढील चिखल खोऱ्याने उपसल्यास लागणारे बल बरेच कमी होते. पाहणाऱ्यांनी दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर थांबावे आणि ताणलेला दोर कधीही ओलांडू नये. दोराच्या मध्यावर जाड कापड किंवा वजनदार आवरण टाकल्यास तुटलेल्या दोराची झेप कमी होते. धोका मात्र संपत नाही. खुणा एकाच व्यक्तीने कराव्यात.

सार्वजनिक रस्त्यावर

भारतातील १९८९ च्या रस्ता नियमांत दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे, वेग ताशी २४ किमीपेक्षा जास्त नसावा आणि दोर इतरांना स्पष्ट दिसावा, अशी तरतूद होती. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली.

निगा

चिखलाचे कण धाग्यांत शिरून ते आतून कापतात. म्हणून वापरानंतर दोर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. धागे तुटलेला, वितळल्याने कडक झालेला किंवा शिवण उसवलेला दोर दुरुस्त न करता बाद करतात.