थेट क्रीडा प्रक्षेपण : चित्राची स्पष्टता आणि गती

नवी दिल्ली येथे १९८२ साली झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भारतीय प्रेक्षकांनी प्रथमच दूरदर्शनवर रंगीत पाहिल्या. त्याच शहरातील २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे प्रक्षेपण दूरदर्शनने हाय डेफिनिशन स्वरूपातही केले.

भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा उमटत असे. मात्र प्रत्येक चित्र विषम व सम रेषांच्या दोन भागांत विभागलेले असल्याने हालचालीची नोंद सेकंदाला ५० वेळा होई. त्यामुळे धावपटूची धाव पडद्यावर सलग दिसे.

इंटरनेटवरील प्रक्षेपणात सेकंदाला केवळ २५ चित्रे पाठविल्यास यातील निम्म्या नोंदी गळतात. ताशी १४४ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला ४० मीटर अंतर कापतो. म्हणजेच एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो १.६ मीटर पुढे सरकलेला असतो. ५० चित्रे असल्यास हे अंतर ८० सेंटीमीटरवर येते.

चित्रांची संख्या वाढविली, पण डेटा तेवढाच ठेवला, तर मैदानातील गवत आणि प्रेक्षकांची गर्दी पुसट होते. अशा वेळी चित्राचा आकार कमी करणे हा मार्ग उरतो. ७२० रेषांची ५० चित्रे आणि १०८० रेषांची २५ चित्रे यांतील बिंदूंची एकूण संख्या जवळपास सारखीच असते. क्रिकेट, हॉकी किंवा बॅडमिंटन पाहताना यांपैकी पहिला पर्याय डोळ्यांना अधिक सुखावह ठरतो.