स्त्रीशिक्षण आणि आर्थिक विकास : पदवीनंतरचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगर : राष्ट्राच्या आर्थिक प्रगतीत स्त्रीशिक्षणाचे महत्त्व सर्वमान्य आहे. शिकलेल्या मातेच्या घरी बालमृत्यूचे प्रमाण घटते, मुलांचे शिक्षण टिकते आणि ती स्वतः कमावू लागली की कुटुंबाचे उत्पन्न वाढते. मात्र हा शेवटचा टप्पा आपोआप गाठला जात नाही. चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्या सुशिक्षित तरुणींसमोर नेमका हाच प्रश्न आहे.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे कारखानदारी विस्तारली. शिक्षण आणि रोजगार असे एकाच शहरात आले.

१९५१ मध्ये देशातील स्त्री साक्षरता ९ टक्क्यांहूनही कमी होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ६५ टक्के, महाराष्ट्रात सुमारे ७६ टक्के, तर या जिल्ह्यात सुमारे ७० टक्के नोंदली गेली. तरीही २०२३-२४ च्या केंद्रीय श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार शहरी भागातील १५ वर्षांवरील केवळ २८ टक्के स्त्रिया श्रमशक्तीत होत्या. पुरुषांचे हेच प्रमाण ७५ टक्क्यांहून अधिक होते. २०२३ च्या नोबेल मानकरी अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखविल्यानुसार, औद्योगिकीकरणाच्या काळात विवाहित स्त्रियांचा श्रमसहभाग प्रथम घटतो. शिक्षणाबरोबर कार्यालयीन व सेवाक्षेत्रातील संधी खुल्या झाल्या की तो पुन्हा वाढतो.

अडसर घरातही आहे. २०२४ च्या केंद्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचे ८८ मिनिटे जात असल्याचे आढळले. त्यात पाळीचे काम, रात्रीचा प्रवास आणि लहान मुलांची सोय यांची भर पडते. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी पाळणाघराची तरतूद २०१७ मध्ये कायद्याने झाली. २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेने संमती व सुरक्षेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली. मात्र पाळणाघर प्रत्यक्ष सुरू असणे आणि रात्री घरापर्यंत वाहन मिळणे, यावरच या तरतुदींचे मोल ठरेल.

राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. पदवीपर्यंतचा मार्ग त्यामुळे सुकर झाला. पदवीपासून कारखान्याच्या प्रवेशद्वारापर्यंतचा मार्ग मात्र उद्योग, प्रशासन आणि कुटुंब यांनी मिळून बांधावयाचा आहे. तो अपुरा राहिल्यास शिक्षणावरील खर्चाचा पूर्ण परतावा ना त्या मुलीला मिळेल, ना देशाला.