कोळशाच्या उतारावरून

पेन्सिल्व्हेनियातील मॉक चंक या खाणींच्या मुलखात 1827 साली जो सुमारे नऊ मैलांचा लोहमार्ग घातला गेला, त्याचे प्रयोजन मनोरंजन नव्हते. डोंगरमाथ्यावरील कोळसा लिहाय नदीकाठी पोहोचता करावा, एवढाच त्याचा मूळ कारभार. भरलेल्या गाड्या केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली धावत, आणि रिकाम्या गाड्या परत वर ओढावयाच्या असल्यामुळे खेचरेही स्वतंत्र डब्यांत उभी राहून, वैरण चघळीत, त्यांच्यासमवेत उतरत. या प्रवासाची त्यांना अशी गोडी लागली, की पुढे पायी उतरण्यास ती साफ नकार देत, असे सांगतात. वेगाच्या आनंदाविषयी या मुक्या जनावरांची साक्ष मला फार मोलाची वाटते. 1872 मध्ये नव्या बोगद्यामुळे कोळशाची वाहतूक दुसरीकडे वळली, परंतु प्रवाशांची रीघ त्या उतारावर दीर्घकाळ कायम राहिली.

त्याच तत्त्वावर लामार्कस थॉम्प्सन यांनी 1884 साली कोनी आयलंडच्या समुद्रकिनारी चढउतारांचा लाकडी मार्ग उभारला. भाडे पाच सेंट, वेग ताशी अवघा सहा मैल. पलीकडच्या टोकाला उतारू पायउतार होत आणि नोकर गाडी ढकलून परतीच्या मार्गावर चढवीत, तरीही लोकांची तेथे झुंबड उडे.