सरगुंडे

सरगुंडे : नागपूरसह विदर्भात उन्हाळ्यात घरी करून ठेवायचा, गव्हाचा पोकळ व मळसूत्री आकाराचा वाळवणाचा पदार्थ. तो शेवया, बोटवे, मालत्या, गव्हले या वळवटांच्या वर्गात मोडतो. मात्र नळीसारखी पोकळ घडण ही याची खूण. घडणीच्या दृष्टीने त्याचे जवळचे नातलग दक्षिण इटलीत आढळतात. कलाब्रियात लोखंडी काडीवर आणि सिसिलीतील त्रापानी भागात पूर्वी गवताच्या काडीवर मॅकरोनी वळत. विदर्भातील व इटलीतील पद्धती स्वतंत्रपणे घडल्या असे मानणे सयुक्तिक ठरते. नागपूरच्या खाण्यावरील लेखन बहुधा झणझणीत, सामिष सावजी रश्श्याभोवतीच घोटाळत असल्याने घरगुती निरामिष वाळवणांची दखल अपुरी घेतली गेली आहे.

गहू : पदार्थाचे यश गव्हाच्या जातीवर ठरते. जुन्या गृहिणी यासाठी बन्सी (ट्रिटिकम ड्यूरम) गहू पसंत करतात. त्याचा दाणा कठीण, काचेसारखा व पिवळसर असतो. दळल्यावर पिठापेक्षा रवा अधिक पडतो. यातील ग्लुटेन चिवट, पण कमी लवचीक असल्याने वळलेला आकार मागे सरत नाही व उकडल्यावर लगदा होत नाही. लोकवन गहू पोळीला उत्तम. सरगुंड्यांना मात्र मऊ पडतो. बन्सी पूर्वी काळ्या जमिनीत, जमिनीतील ओलाव्यावर, जिरायत घेतला जाई. सिंचन वाढले तसा सरबती गव्हाचा पेरा वाढला व बन्सी मागे पडला. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा पंचवटी (एनआयडीडब्ल्यू १५) हा जिरायत वाण शेवया-कुरडयांसाठी शिफारस केला जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ४०२८ या ड्यूरम वाणात सुमारे १४.७ टक्के प्रथिने असून तो सुमारे १०२ दिवसांत तयार होतो. कारखानी मॅकरोनीलाही ड्यूरमचाच रवा लागतो. नागपूरच्या घराघरांत हे ज्ञान प्रयोगशाळेआधी पोचले होते, एवढे नोंदवणे पुरे.

कृती : रवा व कणीक मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवून मुरू देतात, मग तेलाच्या हाताने कुटून मऊ करतात. तयार गोळा ओल्या फडक्याखाली ठेवतात. त्यातून लहानशी लाटी तोडून तळहातावर बारीक दोरी वळतात व ती तेल लावलेल्या सरकांडीच्या किंवा बांबूच्या गुळगुळीत काडीवर गुंडाळतात. वेढे एकमेकांना टेकलेले असावेत, एकावर एक चढू नयेत. सैल राहिले तर उकडताना उलगडतात. फार घट्ट झाले तर काडीवरून निघताना फाटतात. काडी हलके फिरवून नळी सोडवतात आणि सुती कापडावर पसरतात. पहिला दिवस सावलीत घालवणे आवश्यक. वैशाखातील नागपुरी उन्हात बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला ओलावा अडकतो आणि नळ्या तडकतात. त्यानंतर मात्र ऊन देऊन खडखडीत वाळवतात व डब्यात भरतात. काम बायकांच्या घोळक्यात, दुपारच्या वेळी चालते. एकटीला ते जिकिरीचे होते.

सेवन : उकळत्या पाण्यात शिजवून निथळतात किंवा चाळणीवर वाफवतात, वर तूप सोडतात. अक्षय तृतीयेच्या सुमारास आंबा उतरला की आमरसाबरोबर वाढतात. पोकळीत रस शिरतो, हेच त्याचे वैशिष्ट्य. आमरस नसेल तेव्हा दूध-साखर किंवा गुळाचे पाणी चालते. लग्नघरी रुखवतातही ठेवतात.

बाजारी मॅकरोनी : सरगुंड्यांची पोकळ घडण बाजारी मॅकरोनीशी जुळते, खाण्याची रीत मात्र वेगळी. अमेरिकेत क्राफ्ट कंपनीने १९३७ मध्ये चीजसह मॅकरोनीचा डबा बाजारात आणला. नागपुरात मात्र मॅकरोनी कांदा-टोमॅटो-मसाल्याच्या फोडणीत शिजते आणि चीज, असलेच तर, वरून किसतात. सरगुंडे चीजबरोबर खाण्याचा प्रघात नाही; मुलांसाठी करून पाहणारी घरे असतात.

घरोघरचे भेद : काडीची जाडी व रवा-कणकेचे प्रमाण घराघरांत वेगळे.

पहा : कुरडई, बोटवे, शेवया.