डोंगरातला मासा आणि शहरातली गाळणी

बागेत तलाव, तलावात लाल-पांढरे मासे आणि काठावर एखादा दगडी दिवा हे दृश्य पुण्या-मुंबईकडच्या बंगल्यांत आणि शेतघरांत आता नवीन राहिलेले नाही. पाहुणे माशांकडे पाहतात. तलावाच्या एका अंगाला, बहुधा झुडपांच्या आड, अर्धी जमिनीत गेलेली एक खोली असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. बांधणारे तिला ‘फिल्टर हाऊस’ म्हणतात. मी तिला गाळणीघर म्हणेन. कोयी जातीच्या माशांचा मोठा तलाव बांधायचा तर खर्चाचा आणि डोकेदुखीचा मोठा वाटा याच खोलीत जातो.

पाणी शुद्ध करण्याच्या तंत्राचा इतिहास हा माझा काही वर्षांचा वाचनविषय आहे. त्यात या खोलीशी गाठ पडली तेव्हा मला एक साधा प्रश्न पडला. जो मासा दीड-दोनशे वर्षे डोंगरातल्या चिखलात वाढला, त्याला बागेत आणल्यावर पंप, पाईप आणि चार-पाच हौद असलेली ही खोली का लागते? उत्तर शोधताना दोन वेगळे इतिहास हाती आले. माशाचा इतिहास जपानच्या एका गरीब डोंगरी मुलखातला आहे, तर खोलीचा इतिहास युरोप-अमेरिकेतल्या घाणेरड्या, दाटीच्या औद्योगिक शहरांतला. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय कोयी तलाव कळत नाही, असे माझे मत झाले आहे.

बर्फातला मासा

जपानी भाषेत ‘कोयी’ म्हणजे नुसता कार्प मासा. आपल्याकडे धरणांच्या काठी मच्छीमार ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात, त्याचाच हा सख्खा नातेवाईक. रंगीत माशाचे पूर्ण जपानी नाव ‘निशिकीगोयी’. निशिकी म्हणजे जरीचे रंगीत वस्त्र. आपल्या शब्दांत किनखाबी मासा.

हा मासा राजवाड्यात जन्मला नाही. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील निगाता प्रांतात, आज नागाओका आणि ओजिया या शहरांच्या हद्दीत येणाऱ्या डोंगरात तो घडला. यामाकोशी हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध गाव. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे, आणि हिवाळ्यात तीन-चार मीटरपर्यंत बर्फ. रस्ते बंद झाले की ताजे अन्न मिळणे अवघड. म्हणून शेतकरी खाचरांच्या वर छोटी तळी राखत. त्यांत वितळलेल्या बर्फाचे पाणी साठे, ते भाताला उपयोगी पडे, आणि त्याच पाण्यात काळे कार्प वाढत. हिवाळ्यात खायला मासे मिळावेत, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या काळ्या माशांत अधूनमधून लाल किंवा पांढरट पिल्ले दिसू लागली. निसर्गात असे पिल्लू बगळ्याच्या तोंडी पहिले जाते. इथे ते शेतकऱ्याच्या नजरेस पडले आणि त्याने ते वेगळे ठेवले. एका मादीची अंडी लाखांच्या घरात. त्यातून निघालेल्या पिल्लांतली पुन्हा पुन्हा निवड करून मूठभर राखायची, असे हे काम पिढ्यानपिढ्या चालले. शतक संपेपर्यंत पांढऱ्या अंगावर लाल ठिपक्यांचा ‘कोहाकू’ स्थिर झाला. १९०४ मध्ये जर्मनीतून आणलेल्या मोठ्या, विरळ खवल्यांच्या कार्पचा संकर पुढे ‘शुसुई’ या जातीत झाला. काळ्या अंगावर लाल-पांढरे पट्टे असलेला ‘शोवा’ १९२७ मध्ये होशिनो जुकिची यांनी, आणि एकरंगी सोनेरी ‘ओगोन’ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत आओकी सावाता यांनी सिद्ध केला. हे दोघेही यामाकोशीतल्या ताकेझावा गावचे. या गावाचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

बाहेरच्या जगाला या माशाची ओळख झाली ती १९१४ मध्ये. त्या वर्षी मार्च ते जुलै या काळात तोक्योच्या उएनो बागेत मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. निगाताच्या डोंगरी गावांनी आपले रंगीत मासे तिथे मांडले; त्यांतले काही युवराज हिरोहितो यांना भेट गेले. डोंगरातला मासा शहरात उतरला तो तेव्हा.

डोंगर मात्र मागे राहिला. डोंगरातल्या तळ्यात माशाला काय मिळत होते, याचा विचार त्या काळात कोणाला करावा लागला नव्हता. तळ्याचा तळ चिकणमातीचा, पाणी बर्फाचे, माशांमागे जागा भरपूर, खायला किडे आणि शेवाळ. माशाची घाण मातीत जिरे आणि मातीतले जिवाणू तिचा निकाल लावत. बागेतला तलाव सिमेंटचा, पाणी तेच ते, मासे दाटीने, आणि वरून पोटभर खाद्य. मातीने केलेले काम आता कोणी करायचे?

वीस दिवसांची गोष्ट

या प्रश्नाचे उत्तर माशांचा विचारही न करणाऱ्या लोकांनी आधीच शोधून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांपुढे मैलापाण्याचे संकट उभे होते. ते शेतात सोडले की जमीन त्याला निवळते, एवढे ठाऊक होते. पण हे रसायन आहे की जीवन, यावर वाद होता. १८७७ मध्ये श्लेसिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच संशोधकांनी एक मीटर लांबीच्या काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरून वरून रोज थोडे थोडे मैलापाणी सोडले. वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसा आत गेला तसाच बाहेर आला. त्यानंतर तो घटत गेला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया थांबली. क्लोरोफॉर्मने जे बंद पडते ते सजीवच असणार. पुढे १८९० मध्ये विनोग्राद्स्की यांनी झुरिकमध्ये हे जिवाणू वेगळे केले. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे नायट्रेट.

माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी बंगल्यामागे तलाव बांधला, गाळणीघर बांधले, पंप सुरू केला आणि चौथ्या दिवशी मासे सोडले. दोन आठवड्यांत निम्मे मासे गेले. पाणी काचेसारखे स्वच्छ होते, म्हणून त्यांना कारण कळेना. कारण श्लेसिंग-म्युंत्स यांच्या नळीत १८७७ मध्येच नोंदले गेले होते. गाळणी बांधली तरी तीत जिवाणूंची वस्ती व्हायला आठवडे लागतात, आणि स्वच्छ दिसणारे पाणी आणि निर्विष पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शहरांनी हे ज्ञान लगेच कामाला लावले. अमेरिकेत लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्राने खडीच्या थरांतून मैलापाणी झिरपवून पाहिले; इंग्लंडमध्ये सॅलफर्ड येथे ते खडीवर शिंपडण्याची पद्धत बसवली गेली. एप्रिल १९१४ मध्ये, म्हणजे उएनोच्या प्रदर्शनात मासे पोहत असतानाच, मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी आपला निबंध वाचला. मैलापाण्यात हवा सोडून पूर्ण शुद्धीला त्यांना पहिल्यांदा सुमारे पाच आठवडे लागले. पण तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यांनी तोच पुढच्या पाण्यात ठेवला, तेव्हा हा काळ तासांवर आला. त्यांच्यामागे प्रेरणा होती गिल्बर्ट फाउलर यांची. ते पुढे १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आज जाणता कोयीपालक नवी गाळणी सुरू करताना जुन्या गाळणीतला थोडा मळका भाग तीत टाकतो, तेव्हा तो मँचेस्टरचाच धडा गिरवत असतो.

माशांच्या बाजूने या ज्ञानाची सांगड घालण्याचे मोठे काम जपानमध्येच झाले. १९५० च्या दशकात तिथे पाणी फिरवून, गाळून पुन्हा वापरत कार्प वाढवण्याचे प्रयोग चालू होते. १९५८ मध्ये साएकी यांनी बंदिस्त फिरत्या पाण्याच्या टाकीचे गणित मांडले. किती मासे, किती खाद्य, आणि त्याला किती गाळणी, असा हिशेब आता करता येऊ लागला.

खोलीच्या आत

हा हिशेब एका उदाहरणाने पाहू. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात ३०,००० लिटर पाणी मावते. त्यात मध्यम आकाराचे वीस मासे आहेत आणि त्यांना दिवसाला ३०० ग्रॅम खाद्य पडते, असे धरू. खाद्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्के अमोनिया, मुख्यतः माशांच्या कल्ल्यांतून, पाण्यात येतो. म्हणजे रोज नऊ ग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तो दर लिटरला ०.३ मिलिग्रॅम होतो, आणि आठवडाभर साठला तर दोन मिलिग्रॅमच्या वर जातो. एवढा अमोनिया माशांचे कल्ले जाळायला पुरेसा आहे. गाळणीघर हे या नऊ ग्रॅमांसाठी असते.

तलावाचा तळ बशीसारखा मध्याकडे उतरता करतात. मध्यभागी चार इंची पाईपचे तोंड असते. तिथून पाणी पंपाने खेचत नाहीत. ते आपल्या वजनाने पहिल्या हौदात जाते. पंप पहिला लावला तर विष्ठेचा चुरा होऊन ती पाण्यात विरघळते, म्हणून पंप नेहमी शेवटी. हौदांतली पाणीपातळी तलावाच्या पातळीएवढीच राहायला हवी, म्हणूनच ही खोली जमिनीत गाडलेली असते. तिला लपवण्याची सोय त्यातून आपोआप झाली. कारण मात्र सौंदर्याचे नव्हते.

पहिल्या हौदात पाणी मंदावते आणि जड घाण खाली बसते. दुसऱ्यात उभे ब्रश तरंगते कण अडवतात. पुढच्या हौदांत जाळीदार चटया किंवा प्लास्टिकची बारीक चाके असतात. त्यांच्या पृष्ठभागावर जिवाणू राहतात. ही फिरती चाके १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत शहरी सांडपाण्यासाठी निघाली. काही ठिकाणी शेवटी पाणी सच्छिद्र दगडांच्या पेट्यांवरून धो-धो खाली सोडतात. तो सॅलफर्डच्या शिंपणीचा वंशज. मोठ्या तलावाचे सगळे पाणी साधारण दोन तासांत एकदा या खोलीतून जावे, असा दंडक आहे. आपल्या उदाहरणात तो ताशी १५,००० लिटर होतो. खोलीला तलावाच्या आकारमानाच्या दहा ते तीस टक्के जागा लागते.

विज्ञानालाही या मळक्या चटयांनी नंतर काही शिकवले आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ असे मानले जात होते की अमोनिया ते नायट्रेट हा पूर्ण प्रवास एकटा जिवाणू करत नाही. २०१५ मध्ये असा जिवाणू सापडला, आणि ज्या ठिकाणी तो सापडला त्यांपैकी एक होती मत्स्यपालनाच्या फिरत्या पाण्याची गाळणी.

भूकंपाची संध्याकाळ

यावरून डोंगरात माती पुरेशी आहे आणि शहरात गाळणी लागते, असा सोपा निष्कर्ष काढला तर तो अपुरा ठरेल. निगाताच्या डोंगरात गाळणीघर परत गेले आहे. महायुद्धानंतर मागणी वाढली. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून मासे विमानाने परदेशी जाऊ लागले. मौल्यवान मासा बर्फाखालच्या तळ्यात ठेवणे परवडेना. आज तिथले उत्पादक उन्हाळ्यात मासे डोंगरातल्या चिखलतळ्यांत सोडतात. ऑक्टोबरमध्ये ती तळी उपसून मासे काढतात आणि हिवाळाभर छपराखालच्या सिमेंटच्या हौदांत, पंप आणि गाळणीच्या भरवशावर ठेवतात. वर्षाचा अर्धा भाग मातीचा, अर्धा यंत्राचा.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास या मुलखात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. हंगाम नेमका मासे आत आणण्याचा होता. डोंगर खचले, चिखलतळी फुटून रिकामी झाली, रस्ते तुटले. ताकेझावा परिसरात दरड कोसळून इमो नदी अडली आणि वरच्या अंगाची कोगोमो वस्ती पाण्याखाली गेली. यामाकोशीच्या दोन हजारांहून अधिक रहिवाशांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. जे हौद शाबूत राहिले त्यांतलेही असंख्य मासे मेले, कारण वीज गेली होती. पंप थांबला की हवा थांबते, आणि दाटीच्या हौदात मासे गुदमरतात. गाळणीतल्या जिवाणूंनाही तोच ऑक्सिजन लागतो. पिढ्यानपिढ्या निवडून राखलेल्या जननमाशांपैकी जे वाचले त्यांना लोकांनी नंतर हेलिकॉप्टरने खाली आणले. कारण ते मासे गेले असते तर तळी पुन्हा बांधूनही वंश परत आला नसता.

पुढच्या एप्रिलमध्ये यामाकोशी हे स्वतंत्र गाव म्हणून संपले आणि नागाओका शहरात विलीन झाले. सगळे लोक परतले नाहीत. जे परतले त्यांनी खाचरे आणि तळी पुन्हा घातली. २०१७ मध्ये जपानने बर्फाच्या पाण्यावरची ही भातशेती आणि मत्स्यपालन यांची जोडपद्धत राष्ट्रीय कृषिवारसा म्हणून मान्य केली. त्यानंतरच्याच वर्षी हिरोशिमा प्रांतात एका कोहाकूला लिलावात २० कोटी ३० लाख येन मिळाले. वारशाची मान्यता मिळाली ती पद्धतीला, पैसा मिळाला तो माशाला. मला यातली पहिली घटना जास्त महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे अशा तलावाचे अंदाजपत्रक करताना दगड, झाडे, दिवे आणि मासे यांचे आकडे आधी येतात आणि गाळणीघराला उरलेले पैसे मिळतात. विजेचा भरवसा नसलेल्या गावात तर जनरेटर किंवा बॅटरीवरचा हवेचा पंपही यादीत नसतो. इतिहास याच्या उलट क्रम सांगतो. आधी खोली, मग पाणी, मग जिवाणूंसाठी निदान महिनाभराचा धीर, आणि मासा सर्वांत शेवटी. डोंगरानेही तो याच क्रमाने दिला होता.