वाक्यरचना आणि वाक्यबोध

वाक्य कळण्यास कठीण कां जातें, या प्रश्नाचें आमच्या इकडील रूढ उत्तर असें कीं, शब्द अवघड असतात म्हणून, किंवा वाक्य लांब असतें म्हणून. शालेय पुस्तकांतील उतारे सुलभ करावयास बसलेले गृहस्थ संस्कृत शब्द काढून देशी शब्द घालतात, एका वाक्याचीं दोन करतात, आणि तेवढ्यानें काम झालें असें समजतात. गेल्या सुमारें सत्तर वर्षांत या विषयाचा जो इतिहास घडला, तो पाहिला म्हणजे हें उत्तर किती अपुरें आहे तें कळून येतें.

सन 1957 मध्यें नोम चॉम्स्की यांचा 'सिन्टॅक्टिक स्ट्रक्चर्स' हा लहानसा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नकारार्थी, प्रश्नार्थी व कर्मणि वाक्यें कोणत्या नियमांनीं सिद्ध होतात, याची त्यांत मांडणी होती. जॉर्ज मिलर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनीं तीवरून असा तर्क बांधला कीं, वाक्य सिद्ध होण्यास जितके नियम अधिक लागावे, तितका तें समजण्यास वेळ अधिक लागावा. कल्पना मोठी मोहक होती. व्याकरणांतील पायऱ्या मोजाव्या, कीं मनाचे श्रम आपोआप मोजले गेले! आरंभींच्या कांहीं प्रयोगांनीं तिला पुष्टीहि मिळाली.

ही इमारत खिळखिळी होण्यास जीं कारणें झालीं, त्यांत डॅन स्लोबिन यांचा 1966 सालचा प्रयोग प्रमुख होय. त्यांनीं सहा, आठ, दहा व बारा वर्षांचीं मुलें आणि वीस वर्षांचे तरुण घेतले. एक वाक्य ऐकवावें, मग चित्र दाखवावें, आणि वाक्य चित्राशीं जुळतें कीं नाहीं तें विचारावें, अशी रीत. आतां कुत्रा मांजराच्या पाठीस लागतो, तसें मांजरहि कुत्र्याच्या पाठीस लागूं शकतें. परंतु मुलगी फुलांना पाणी घालते, फुलें मुलीला घालीत नाहींत. या दुसऱ्या जातीच्या वाक्यांत कर्मणि रचनेची अडचण बहुतेक नाहींशी झाली. पहिल्या जातींत ती राहिली. शिवाय, हिशेबानें कर्मणीहून सोपें ठरणारें नकारार्थी वाक्य अधिक वेळ घेतें असें आढळलें. लहानांत व मोठ्यांत फरक होता, पण तो बहुतांशीं वेगाचा.

आमच्या नैयायिकांस यांत नवल वाटलें नसतें. शाब्दबोधास आकांक्षा, योग्यता व संनिधि हीं लागतात, असें ते सांगत आले. 'अग्नीनें शेत शिंपतो' हें वाक्य व्याकरणानें निर्दोष आहे. योग्यता नाहीं म्हणून बोध होत नाहीं. पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणण्याची जी खोड आपल्याकडे आहे, तिला आम्ही उत्तेजन देऊं इच्छीत नाहीं. सहा वर्षांच्या पोरास समोर बसवून त्याचा वेळ कोणा नैयायिकानें मोजला नव्हता. परंतु जेथें योग्यता राबते तेथें व्याकरणास विश्रांति मिळते, ही गोष्ट त्यांच्या वर्गीकरणांत बसते खरी.

योग्यतेचा आधार नसला म्हणजे मूल काय करतें? टॉमस बीव्हर यांनीं 1970 मध्यें दाखविलें कीं, इंग्रजी मूल चौथ्या वर्षाच्या सुमारास पहिलें नाम तो कर्ता असा ठोकताळा धरतें, आणि पूर्वींपेक्षांहि कर्मणि वाक्यांत अधिक चुकूं लागतें. ही चूक म्हणजे प्रगतीच होय. कारण तें आतां नियम शोधूं लागलेलें असतें. बरें, हा ठोकताळा प्रौढपणीं सुटतो म्हणावें, तर तसेंहि नाहीं. फर्नांडा फरेरा यांच्या 2003 सालच्या प्रयोगांत, कुत्रा माणसाकडून चावला गेला अशा अर्थाचें वाक्य ऐकून कुत्राच चावला असें सांगणारे विद्यापीठांतील विद्यार्थी निघाले.

हा ठोकताळा सर्व भाषांत सारखा नाहीं. स्लोबिन व बीव्हर यांनीं 1982 मध्यें इंग्रजी, इटालियन, सर्बोक्रोएशियन व तुर्की मुलांची तुलना केली. तुर्की मुलांस दोन वर्षांच्या वयापासूनच शब्दांचा क्रम कसाहि बदलला तरी कर्ता ओळखतां येई. कारण कर्माचा प्रत्यय त्यांच्या कानीं पडत असे. मराठीचें साधन याच जातीचें आहे. 'रामा गोविंदाला मारतो' म्हणा कीं 'गोविंदाला रामा मारतो' म्हणा, 'ला' आपलें काम करतो. मराठी मूल तुर्की मुलाप्रमाणेंच वागतें, असें मात्र प्रयोगावांचून आम्ही म्हणणार नाहीं.

येथें नांवाच्या साम्यानें एक घोटाळा होतो. 'मीं आंबा खाल्ला' हा आपला कर्मणि प्रयोग; तो घराघरांतलीं लहान पोरें बोलतात. इंग्रजी कर्मणीचा भार त्याच्यावर लादणें चुकीचें होय. तो भार आहे तो 'कडून' व 'गेला' घालून केलेल्या, शाळेंत ज्यास नवीन कर्मणि म्हणतात त्या रचनेवर, आणि आपलें कचेरींतलें मराठी तिनेंच भरलेलें आहे. 'कुळाकडून मालकास नोटीस दिली गेली नसल्यास' हें पहा. यांत एकहि शब्द अवघड नाहीं. वाक्य लांबहि नाहीं. परंतु नोटीस कुळहि देतें व मालकहि देतो, तेव्हां योग्यता मदतीस येत नाहीं. वर रचना कर्मणि, आणि तिच्यावर नकार. कागद हातीं घेऊन अडखळणाऱ्या शेतकऱ्यास आपण अडाणी म्हणून मोकळे होतों. लिहिणाऱ्याच्या मनांत 'कुळानें मालकाला नोटीस दिली नसेल तर' हेंच वाक्य आधीं आलेलें असावें; तें तसेंच कागदावर उतरविण्यास त्याला कोणीं मना केलें आहे, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.